हातातला बॉल कोणी काढून घ्यायचा?

२१ जून १९६४, रविवार. न्यूयॉर्कमधलं शे स्टेडियम त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. अमेरिकेत त्या दिवशी फादर्स डे होता, आणि ऊन मी म्हणत होतं. फिलाडेल्फिया फिलीज या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, जिम बनिंग सात मुलांचा बाप. त्याची बायको मेरी आणि थोरली मुलगी बार्बरा सामना बघायला येऊन बसल्या होत्या. शेवटच्या, म्हणजे नवव्या डावात बनिंगनं कॅचर गस ट्रायांडोसला जवळ बोलावलं आणि म्हणाला, एखादा विनोद सांग. ट्रायांडोसला काही सुचेना, तो नुसताच हसला. मग बनिंगनं राहिलेलं काम पुरं केलं. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस बाद झाले, एकालाही पहिल्या बेसवर पाऊल टाकता आलं नाही. याला 'परफेक्ट गेम' म्हणतात.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना याची दुर्मिळता एकदम जाणवत नाही. १९९९ मध्ये कोटलावर कुंबळेनं एका डावात दहाच्या दहा बळी घेतले, पण त्या डावातही पाकिस्तानच्या २०७ धावा झाल्या होत्या. परफेक्ट गेममध्ये धाव सोडाच, साधा वाइडसारखा प्रकारही परवडत नाही, कारण चार बॉल बाहेर गेले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो आणि सगळं तिथेच संपतं. नॅशनल लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी एकीत, असा सामना त्याआधी १८८० साली झाला होता, ८४ वर्षांपूर्वी. बनिंगनं तो फक्त ९० बॉलमध्ये संपवला आणि सत्तावीसपैकी दहाजण स्ट्राइकआउट केले, म्हणजे बॉल मैदानात मारूच न देता बाद केले.

हाच माणूस पुढे बारा वर्षं अमेरिकेच्या हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या प्रतिनिधिगृहात, आणि बारा वर्षं सिनेट या वरिष्ठ सभागृहात बसला. खेळातल्या मोठेपणावर सत्ता मागणाऱ्या माणसाला मत द्यावं का, हा प्रश्न आपल्याकडेही दर निवडणुकीला येतो. त्यासाठी बनिंगइतकं पुरं, आणि बघणाऱ्याला अस्वस्थ करणारं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो. माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभं राहून जे गुण सिद्ध होतात, त्यांच्यावर मत देऊ नये. बनिंगच्या आयुष्यात मत देण्याजोगं एक काम होतं, पण ते मैदानाबाहेरचं होतं आणि त्यावर मत मागितल्याचं कोणाच्या लक्षातही नाही.

त्याच्याबद्दल लोक काय सांगायचे? हा माणूस घाबरत नाही. बॅटर बेसला चिकटून उभा राहिला तर त्याच्या अंगाजवळून बॉल टाकून त्याला मागे हटवतो. दुखलं तरी बॉल मागतो. टाकायची त्याची पद्धतही बघण्यासारखी होती. हात बाजूनं फिरवून तो सगळं अंग असं झोकून द्यायचा की तोल पहिल्या बेसकडे जायचा आणि ग्लोव्ह जमिनीला टेकायचा. जुन्या चित्रफितींमध्ये ते बघताना वाटतं की हा पडणार, आणि तो पडत नाही. अशा माणसाकडे बघून मतदाराला वाटणारच, की हा आपल्यासाठीही असाच उभा राहील.

पण तो परफेक्ट गेम एकट्याचा नव्हता. पाचव्या डावात जेसी गॉंडरनं सणसणीत मारलेला बॉल टोनी टेलरनं झेप घेऊन अडवला आणि पहिल्या बेसवर फेकला. तो बॉल निसटला असता तर आज मी हा लेख लिहीत नसतो. असा सामना चालू असताना डगआउटमध्ये त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा बेसबॉलमधला जुना संकेत आहे. बनिंगनं तो धुडकावला. तो सहकाऱ्यांशी उघड बोलत होता, झेपा घ्या, बॉल सोडू नका म्हणून सांगत होता. म्हणजे आपलं यश नऊजणांच्या हातात आहे, हे त्याला त्या दिवशी पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षीचा सप्टेंबर मात्र कोणी सांगत नाही. बारा सामने उरले असताना फिलीज साडेसहा सामन्यांनी पुढे होते. शहरात विजयाची तयारी सुरू झाली होती. मग ओळीनं दहा सामने गेले आणि विजेतेपद सेंट लुइस कार्डिनल्सकडे गेलं. व्यवस्थापक जीन मॉक बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोघांनाच पुरेशी विश्रांती न देता पुन्हा पुन्हा उतरवत राहिला. पिचरचा खांदा यंत्र नाही, दोन खेळ्यांमध्ये त्याला तीन-चार दिवस लागतात. बनिंग दर वेळी गेला. बेसबॉलमध्ये व्यवस्थापक माउंडवर चालत येतो, हात पुढे करतो आणि पिचर काही न बोलता बॉल त्याच्या हातात देतो. थकलेल्या माणसाला आपण थकलोय हे कळत नाही, म्हणून हा निर्णय दुसऱ्यानं घ्यायचा असतो. त्या सप्टेंबरमध्ये तो कोणी घेतला नाही. बनिंगच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याला वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, कधीच खेळायला मिळाली नाही.

आता त्या कामाकडे येतो.

१९६० च्या दशकात अमेरिकेतला व्यावसायिक बेसबॉल खेळाडू म्हणजे नावाजलेला वेठबिगार होता. हा शब्द मी विचार करून वापरतोय. करारात एक कलम असायचं, त्यामुळे एकदा सही केली की खेळाडू त्या संघाचा झाला. ठेवायचं, विकायचं की काढून टाकायचं, हे मालकाच्या मर्जीवर. स्वतः बनिंगला १९६३ च्या डिसेंबरमध्ये डेट्रॉइट टायगर्सनं फिलाडेल्फियाला देऊन टाकलं होतं. त्याच डेट्रॉइटसाठी त्यानं १९५७ मध्ये वीस सामने जिंकले होते आणि १९५८ मध्ये बॉस्टनविरुद्ध, टेड विल्यम्ससारखा नामी बॅटर समोर असताना, नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता पुरा सामना, टाकला होता. किमान पगार वर्षाला ६,००० डॉलर होता. खेळाडूंची संघटना होती, पण तिला ना कार्यालय होतं ना पैसा, आणि तिचा सल्लागारही मालकांना चालेल असाच असायचा.

१९६५-६६ मध्ये चार खेळाडूंनी ठरवलं की आता पूर्णवेळ माणूस नेमायचा. रॉबिन रॉबर्ट्स, हार्वी कीन, बॉब फ्रेंड आणि जिम बनिंग. त्यांनी शोधून काढलेला माणूस होता मार्विन मिलर, पोलाद कामगारांच्या युनियनचा अर्थतज्ज्ञ. हे किती अवघड होतं ते समजून घ्यायला हवं. खेळाडू बहुतेक लहान गावांतले होते आणि युनियन म्हटलं की बिचकणारे. मालक त्यांना सांगत होते की हा माणूस तुम्हाला संपावर नेईल, खेळ बुडवेल. चौघांपैकी रॉबर्ट्सला तर सोबतीला रिचर्ड निक्सन वकील म्हणून हवे होते, म्हणजे समितीही काही क्रांतिकारकांची नव्हती. बनिंग अर्थशास्त्राचा पदवीधर होता, सिनसिनाटीच्या झेवियर विद्यापीठाचा. पेन्शनच्या पैशाचा हिशोब त्याला वाचता येत होता आणि मालक काय लपवतायत हेही कळत होतं.

मिलर आला आणि १९६८ मध्ये खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. किमान पगार ६,००० वरून १०,००० डॉलरवर गेला. त्यानंतर तक्रारींसाठी तटस्थ लवाद मिळाला, आणि १९७५ मध्ये त्याच लवादापुढे ते वेठीचं कलम मोडून पडलं. आज अमेरिकेतल्या कोणत्याही खेळात बेसबॉलपटूंच्या युनियनइतकी भक्कम युनियन नाही. पेन्शन मिळणाऱ्या खेळाडूंमध्ये असे कितीतरी आहेत ज्यांचं नाव आज कोणाला आठवत नाही, जे दोन-चार हंगाम खेळले आणि गावी परतले. बनिंगला स्वतःसाठी युनियनची फारशी गरज नव्हती, तो त्या काळातल्या सर्वोत्तम पिचरपैकी होता. किमान पगाराचा फायदा बाकावर बसणाऱ्या बदली खेळाडूला होणार होता. मालकांच्या डोळ्यांवर येण्याची किंमत मात्र नाव असलेल्यांनाच मोजावी लागणार होती. नेतृत्व म्हणतात ते हेच, असं मला मनापासून वाटतं. २२४ विजय, २,८५५ स्ट्राइकआउट, दोन्ही लीगमध्ये शंभराच्या वर विजय हे सगळं मोठंच. पण हे काम त्याहून मोठं आहे.

राजकारणात तो वरून उतरला नाही, हेही त्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. १९७७ मध्ये केंटकीतल्या फोर्ट थॉमस या छोट्या शहराच्या नगरपरिषदेत निवडून आला, मग राज्याच्या सिनेटमध्ये. १९८३ मध्ये गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि मार्था लेन कॉलिन्स यांच्याकडून हरला. १९८६ मध्ये हाउसमध्ये, १९९८ मध्ये सिनेटमध्ये गेला, तेही अवघ्या ६,७६६ मतांनी. गटार, रस्ता, मालमत्ता कर यांच्या सभांना बसलेला तो माणूस होता. आपल्याकडे चर्चा फार करून हजेरीपाशी अडकते. तेंडुलकर २०१२ ते २०१८ राज्यसभेवर होते, तेव्हा ते किती दिवस आले याची मोजदाद होत राहिली. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातलं डोंजा गाव त्यांनी दत्तक घेतलं, त्याबद्दल त्या मानानं कमी बोललं गेलं. पण राष्ट्रपतींनी नेमलेल्या सदस्यानं मतं मागितलेली नसतात. बनिंगनं मागितली होती. तो हजरही असायचा. त्याच्याबाबत प्रश्न हजेरीचा नाही, हजर राहून त्यानं काय केलं याचा आहे.

सिनेटमध्ये तो कसा वागला? माउंडवर वागायचा तसाच. २००६ मध्ये बेन बर्नान्की यांची फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली तेव्हा विरोध नोंदवणारा तो एकटा सिनेटर होता. हे आधीचे अध्यक्ष ग्रीनस्पन यांचंच धोरण पुढे चालवतील, असं त्याचं म्हणणं होतं. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा त्या एकट्या विरोधाकडे लोकांनी वेगळ्या नजरेनं पाहिलं. बँकांना वाचवणाऱ्या २००८ च्या पॅकेजलाही त्यानं विरोध केला, स्वतःच्याच पक्षाचा राष्ट्राध्यक्ष असताना. हा हट्ट मला आदरणीय वाटतो. २००५ मध्ये बेसबॉलमधल्या स्टेरॉइडवर संसदेत सुनावणी झाली तेव्हा तो साक्षीला बसला आणि खेळ आतून माहीत असलेल्या माणसाच्या रागानं बोलला. तिथे त्याचं खेळाडू असणं खरोखर उपयोगी पडलं.

पण तोच हट्ट २००४ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याला सद्दाम हुसेनच्या मुलांची उपमा देण्यापर्यंत गेला, आणि माफी मागावी लागली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती गिन्सबर्ग कर्करोगावर उपचार घेत असताना त्या नऊ महिन्यांत जातील असं तो जाहीर बोलला, आणि पुन्हा माफी. बॅटरच्या अंगाजवळून बॉल टाकायची सवय होती ती. माउंडवर त्यासाठी अंपायर असतो, समोर हेल्मेट घातलेला माणूस असतो आणि त्याच्या हातात बॅट असते.

त्याच वर्षी पक्षातल्या वरिष्ठांनी त्याला निवडणुकीपासून दूर सारायचं ठरवलं. केंटकीचेच दुसरे सिनेटर मिच मॅक्कॉनेल पक्षाचे सिनेटमधले नेते होते, त्यांच्याशी त्याचं उघड वाजलं. देणग्या आटल्या. जुलै २००९ मध्ये त्यानं जाहीर केलं की पुढची निवडणूक लढवणार नाही. व्यवस्थापक माउंडवर आला होता, पण बॉल काढून घ्यायला अजून दीड वर्ष होतं. त्या दीड वर्षात बनिंगला ना मतदाराची भीती होती ना पक्षाची.

२५ फेब्रुवारी २०१०, गुरुवारची रात्र. लाखो बेकारांचा भत्ता त्या रविवारी संपणार होता. मुदत तीस दिवसांनी वाढवायची होती. सोबत महामार्गाच्या कामांचा निधी आणि मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यातले डॉक्टरांचे दर असं मिळून साधारण दहा अब्ज डॉलरचं प्रकरण. वेळ नव्हता, म्हणून सर्वानुमते मंजूर करायचा प्रस्ताव आला. सिनेटचा नियम असा, की सर्वानुमते म्हणजे खरोखरच सर्वानुमते. एकानं 'हरकत आहे' म्हटलं की थांबलं. मग दुसरा रस्ता आहे, पण त्याला दिवस लागतात. बनिंग म्हणाला, हरकत आहे. पुन्हा विचारलं, पुन्हा हरकत. मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत हे चाललं. यात केंटकी आणि साउथ कॅरोलायना यांचा बास्केटबॉलचा सामना बुडाला, अशी तक्रार त्यानं सभागृहात केली.

सोमवारी वाहतूक खात्याचे सुमारे दोन हजार कर्मचारी बिनपगारी घरी बसवले गेले. खुद्द केंटकीत त्या वेळी बेकारी दहा टक्क्यांच्या वर होती.

त्याचं म्हणणं काय होतं, ते मी टाळणार नाही. तो म्हणत होता, भत्ता द्या, पण पैसा कुठून येणार ते आधी दाखवा. याच महिन्यात तुम्ही खर्चाला जमा दाखवण्याचा कायदा केलाय आणि पहिल्याच आठवड्यांत तो मोडताय. हा मुद्दा पोकळ नव्हता. कर्ज काढून सरकार चालवण्याची सवय वाईटच, आणि सगळ्यांना पटलेली सवलत थांबवून हिशोब विचारायला कोणीतरी लागतो. माझ्या ओळखीतले काही समंजस लोक आजही म्हणतात की त्या चार दिवसांत खरं बोलणारा तो एकटा होता.

मला ते पटत नाही. २००१ आणि २००३ च्या करकपातींना त्यानं पाठिंबा दिला, २००३ च्या मेडिकेअर औषध योजनेला दिला. त्यांचे आकडे या दहा अब्जांच्या कितीतरी पट होते आणि त्यांच्यासाठीही पैसा बाजूला काढलेला नव्हता. तेव्हा ही हरकत आली नाही. तत्त्व खरं असेल तर ते आधी बलवानांसमोर उभं करायला हवं. सगळ्यात दुबळा माणूस रांगेत असताना त्याच्याच ताटावर तत्त्व आठवणं हा अन्याय आहे, मग तत्त्व कितीही शुद्ध असो.

इथेच मला १९६६ चा बनिंग पुन्हा पुन्हा आठवतो. मालक तेव्हा हेच म्हणत होते की पेन्शन वाढवायची तर पैसा कुठून आणायचा. बनिंगनं तेव्हा ते ऐकून घेतलं नाही. मग चव्वेचाळीस वर्षांनी त्याच वाक्याच्या दुसऱ्या बाजूला तो कसा गेला? तो ढोंगी होता असं मी म्हणणार नाही, तो कधीच ढोंगी नव्हता. माझा अंदाज असा आहे की बदली खेळाडू त्याला दिसत होता. शेजारच्या लॉकरशी उभा राहून बूट बांधणारा, डिसेंबरमध्ये दुकानात नोकरी शोधणारा. केंटकीतल्या लुइव्हिल शहरातला कामावरून काढलेला माणूस त्याला दिसत नव्हता. खेळाडूंनी प्रत्येक संघात एक प्रतिनिधी निवडलेला असतो, काही झालं तर तो उठून बोलतो. बेकाराचा कुठला संघ, कुठली खोली? कामावरून निघाला त्या दिवशीच तो युनियनबाहेर पडला. त्याचा प्रतिनिधी म्हणून उरतो तो सिनेटर. बनिंगनं खेळाडूंचा प्रतिनिधी म्हणून जे केलं तेच त्याला इथे करायचं होतं, फक्त ज्यांना तो ओळखत नव्हता त्यांच्यासाठी.

म्हणून मैदान हे राजकारणाची तालीम नाही असं मी म्हणतो. मैदानावरचं धैर्य एका विरोधकापुढचं असतं, आणि तो विरोधक डोळ्यांसमोर असतो. त्याला हरवणं हेच काम असतं. सभागृहात समोर बसलेला माणूस हरला की तिसराच कोणीतरी उपाशी राहतो, आणि तो गॅलरीतही नसतो. शिवाय खेळात एकट्याच्या ताकदीला जागोजागी वेसण आहे. चार बॉल चुकले की बॅटर फुकट पुढे जातो, दमला की व्यवस्थापक येतो, चिडला की अंपायर बाहेर काढतो. सिनेटनं मात्र शंभरातल्या प्रत्येकाच्या हातात सगळं थांबवण्याची किल्ली देऊन ठेवली आहे. बनिंगच्या स्वभावाइतकाच मी त्या नियमालाही दोष देतो. ज्याला पुढची निवडणूक नाही अशा माणसाच्या हातात एवढी किल्ली असू नये.

आपल्याकडे चेतन चौहान अमरोह्यातून निवडून गेले, अझरुद्दीन २००९ मध्ये मुरादाबादमधून. प्रचारात त्यांच्या खेळाच्याच आठवणी निघाल्या, ते स्वाभाविकही आहे. पण कीर्ती आझाद यांनी दिल्लीच्या क्रिकेट संघटनेतल्या कारभारावर बोट ठेवलं आणि २०१५ मध्ये स्वतःच्या पक्षातून निलंबन ओढवून घेतलं, तेव्हा मला त्यांच्या १९८३ च्या विश्वचषकापेक्षा ती गोष्ट मतदारानं विचारात घ्यायला जास्त योग्य वाटली. रणजीच्या खेळाडूंच्या मानधनाबद्दल, महिला संघाच्या प्रवासभत्त्याबद्दल, निवृत्त झालेल्यांच्या औषधपाण्याबद्दल हा माणूस खेळत असताना कधी बोलला का? बोलला असेल तर काय गमावलं? आणि बनिंगमुळे मी आता आणखी एक विचारतो: ज्यांच्यासोबत कधी राहिला नाही, त्यांच्यासाठी कधी बोलला का?

बनिंगला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, जायला फार वाट बघावी लागली. १९८८ मध्ये त्याला ३१७ मतं पडली, हवी होती ३२१. चार मतांनी राहिला, आणि आत गेला तो थेट १९९६ मध्ये. तेव्हा तो हाउसचा सदस्य होता. मार्विन मिलरला तिथे जागा मिळाली ती त्याच्या मृत्यूनंतर, २०२० च्या यादीत. बनिंग तोवर नव्हता. मे २०१७ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी तो गेला होता.

त्या २०१० च्या प्रकरणाचा शेवट २ मार्चला संध्याकाळी झाला. बनिंगला एक गोष्ट मिळाली, पैसा कुठून येणार हे दाखवणाऱ्या त्याच्या दुरुस्तीवर मतदान. ती पडली. मूळ विधेयक ७८ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झालं, त्याच रात्री राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली, आणि दुसऱ्या दिवशी वाहतूक खात्याचे ते कर्मचारी कामावर परतले.